ऑपरेशन झालंय, मग दुखणारच?

अपेंडिक्सचे ऑपरेशन करून माणूस घरी आला, की पुढचे पंधरा दिवस त्या घरात एक वाक्य सारखे कानावर पडते : "ऑपरेशन झालंय, दुखणारच." अम्मी म्हणते, शेजारची खाला म्हणते, फोनवरून मामू म्हणतात आणि शेवटी पेशंटही स्वतःची तीच समजूत घालू लागतो. बहुतेक वेळा हे वाक्य खरे असते. पण ज्या वेळी ते खरे नसते, त्या वेळीही ते तितक्याच सहज तोंडात येते आणि दोन-तीन मोलाचे दिवस त्याखाली दडपले जातात.

पोट कापले म्हणजे दुखणार, हे कोणालाही कळते. प्रश्न असतो तो हे दुखणे नेहमीचे की काळजीचे हा. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. दुखणे किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेने चालले आहे, हे पाहायचे. आज कालच्यापेक्षा थोडे कमी, उद्या आणखी थोडे कमी, असा उतार लागलेला असेल तर दुखणे कितीही जाणवत असले तरी गाडी रुळावर आहे. जिना जास्त चढल्यामुळे एखाद्या संध्याकाळी ठणका वाढला आणि रात्रीच्या विश्रांतीने गेला, तर तेही त्यातलेच. पण चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बरे वाटत होते आणि मग दुखणे उलटे चढू लागले, तर त्याला "दुखणारच" म्हणून झाकू नका.

घरी आणण्याआधी सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा : अपेंडिक्स फुटले होते का? मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ही करंगळीएवढी नळी. ती नुसती सुजलेली असताना काढली, तर माणूस अनेकदा एक-दोन दिवसांत घरी येतो आणि लवकर हिंडू-फिरू लागतो. ती फुटून आतली घाण पोटात पसरली असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही पुढे पोटात पू साठण्याची शक्यता जास्त राहते. अशा पेशंटला अँटिबायोटिक जास्त दिवस चालते, कधी पोटातून एक नळीही ठेवतात. दोघांचे ऑपरेशन एकाच नावाचे, पण घरच्यांनी ठेवायचे लक्ष सारखे नाही. "आमच्या सलीमचे तर तिसऱ्या दिवशी सगळे ठीक होते," ही तुलना म्हणूनच फार कामाची नसते. सलीमचे अपेंडिक्स फुटले होते की नव्हते, हे सांगणाऱ्याला बहुधा माहीतच नसते.

नेहमीचे दुखणे

जखमेचे दुखणे सर्वांना अपेक्षित असते. खोकताना, हसताना, कुशीवर वळताना टाके ओढले जातात. उजव्या बाजूला मोठी चीर देऊन केलेल्या ऑपरेशनमध्ये हे जास्त दिवस चालते. दुर्बिणीतून केले असेल तर तीन छोटी भोके असतात आणि त्यांतले बेंबीजवळचे भोक बहुधा जास्त बोलते.

घरचे लोक घाबरतात ते खांद्याच्या दुखण्याने. ऑपरेशन पोटाचे आणि कळ उजव्या खांद्यात! हृदयाचे काही आहे का, म्हणून धावपळ होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आत नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा मागे राहतो आणि छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला त्रास देतो. त्या पडद्याची संवेदना आणि खांद्याची संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोचते, त्यामुळे मेंदूला वाटते की खांदाच दुखतोय. दोन-तीन दिवसांत शरीर तो वायू शोषून घेते आणि कळ जाते. आडवे पडल्याने आणि थोडे चालल्याने आराम पडतो. मात्र खांद्याच्या दुखण्यासोबत धाप लागत असेल, छातीत दाबल्यासारखे होत असेल किंवा घाम फुटत असेल, तर ते वायूचे समजून बसू नका. (दुर्बिणीतून अपेंडिक्स काढण्याचे पहिले ऑपरेशन जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी १९८० च्या सुमारास केले. ते सर्जन नव्हे, स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि सर्जन मंडळींनी तेव्हा त्यांच्यावर कडाडून टीका केली होती. आज तीच पद्धत तालुक्याच्या गावीही पोचली आहे.)

तिसरे दुखणे आतड्यांचे. भूल आणि हाताळणीमुळे आतडी काही काळ सुस्तावतात. मग ती जागी होताना पोटात गुडगुड, मुरडा, गॅसची कळ. कधीकधी ही कळ जखमेपेक्षा जास्त हैराण करते. त्यात दुखण्याच्या काही गोळ्या, विशेषतः ट्रामाडॉलसारख्या, शौचाला घट्ट करतात. पेशंट जोर लावायला घाबरतो, शौच टाळतो आणि पोट आणखी दुखते. पाणी भरपूर पिणे, चालणे, फळे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा सौम्य औषध एवढ्यावर हे सुटते. वारा सरतो आहे, पोट मऊ आहे आणि उलटी नाही, ही चांगली लक्षणे. आपल्याकडे आजाऱ्याला "वारा सरला का?" विचारायची लाज वाटते. सर्जन मात्र राउंडला आल्यावर तोच प्रश्न आधी विचारतो, यावरून त्याची किंमत ओळखावी.

खालच्या पोटात दाटून आल्यासारखे दुखणे हे कधी मूत्राशयाचेही असते. भुलीनंतर काहींची लघवी अडते. सहा-सात तासांत लघवी झालीच नाही आणि ओटीपोट फुगले, तर त्याला वेदनाशामक गोळी नव्हे, डॉक्टर हवा.

पुढे आठवडे जातात तसे वेगळेच प्रकार जाणवतात. व्रणाच्या आसपासची कातडी बधिर लागते, खाजते, मधूनच सुई टोचल्यासारखे होते. टाक्याखाली बोटाला कडक वळकटी लागते. ती जखम भरून येण्याची खूण आहे आणि काही महिन्यांत मऊ पडते. पण उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगवटा येत असेल आणि आडवे पडल्यावर तो आत जात असेल, तर तो हर्निया असू शकतो. तो दाखवून घ्यावा.

उठावे कसे, गोळी घ्यावी कशी

सरळ पाठीवरून उठून बसणे म्हणजे पोटाच्या सगळ्या स्नायूंना एकदम कामाला लावणे. आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे. खोकला-शिंक येताना छोटी उशी किंवा घडी केलेली ओढणी जखमेवर हलके दाबून धरावी. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मा धसका जातो.

आणि चालावे. पूर्वी ऑपरेशननंतर कितीतरी दिवस अंथरुणाला खिळवून ठेवत. लवकर उठवण्याचा आग्रह धरणाऱ्यांत अमेरिकेतले सर्जन डॅनियल लाइटहाउझर होते. १९४१ मध्ये त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि आता बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेशंटला उभे करतात. चालल्याने आतडी जागी होतात, फुप्फुसे मोकळी राहतात आणि पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका घटतो. "हलू नकोस, टाके तुटतील" असे प्रेमाने म्हणणाऱ्या दादीला हे समजावून सांगावे. टाके चालण्याने तुटत नाहीत. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, तीन वर्षांचे मूल उचलण्याने मात्र धोका वाढतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे आणि मोठ्या चिरेनंतर चार ते सहा आठवडे वजन उचलू नये. नेमकी मुदत आपल्या सर्जनकडून घ्यावी.

गोळ्यांबाबत आपल्या घरांत दोन टोके दिसतात. एक, "किती गोळ्या खायच्या" म्हणून दुखणे सोसत राहायचे. मग माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही आणि बरे होणेच लांबते. पहिले तीन-चार दिवस डॉक्टरांनी लिहिलेली गोळी घड्याळ पाहून घ्यावी. दुखणे शिगेला पोचण्याची वाट पाहू नये. दुसरे टोक, लिहून दिलेल्या गोळीबरोबर घरातली आणखी एक. बाजारातल्या कितीतरी दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. वर तापाची म्हणून पुन्हा पॅरासिटामॉल घेतले, तर नकळत दुप्पट जाते. मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या पुढे कधीच जाऊ नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहून खाली. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या उपाशीपोटी नकोत, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा अल्सर असणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तर नकोतच.

एक बारकावा लक्षात ठेवावा. पॅरासिटामॉल ताप उतरवते. म्हणून ताप मोजायचा तो गोळी देण्याआधी. गोळी देऊन तासाभराने थर्मामीटर लावला आणि "ताप नाही" म्हटले, तर ती स्वतःचीच फसवणूक.

वुजू, नमाज आणि रोजा

पहिल्या आठवड्यात सजद्याला वाकताना बेंबीजवळ कळ येते आणि सजद्यातून उठताना त्याहून जास्त. दुखणे दाबून तसेच करणारे लोक आहेत. दीनने ती अडचण ठेवलेलीच नाही : उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून, आणि रुकू-सजदा इशाऱ्याने. खुर्चीवर बसून नमाज पढताना सजद्याच्या इशाऱ्यासाठी मान रुकूपेक्षा जास्त झुकवावी, एवढेच. पोट चेमटण्याची गरज नाही. साध्या वुजूत पोटावर पाणी जात नाही, पण गुस्ल करायचे असेल आणि पट्टी भिजवायला डॉक्टरांनी मनाई केली असेल, तर पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे. बारकाव्यांसाठी आपल्या मशिदीतल्या मौलानांना विचारता येते.

रमजान चालू असेल तर पेच रोज्याचा. कुरआनने सूरह बकरामध्ये आजाऱ्याला इतर दिवसांत रोजे पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत दिवसभर पाणी न मिळणे, औषधाच्या वेळा चुकणे आणि इफ्तारला एकदम भजी-समोसे पोटात जाणे, ही तिन्ही पोटदुखीला दिलेली दावतच म्हणावी लागेल. कधीपासून रोजे ठेवता येतील, हे टाके दाखवायला जाताना विचारावे.

बिमारपुर्सी आणि स्वयंपाकघर

आता जरा नाजूक विषय. आजाऱ्याची विचारपूस करणे सुन्नत आहे आणि आपल्या मोहल्ल्यांत ती मनापासून केली जाते. पण ऑपरेशन घरातल्या बाईचे झाले असेल तर काय होते ते पाहा. पाहुणे आले की ती सावरून बसते, डोक्यावर ओढणी घेते, तास-दीड तास पाठ ताठ ठेवते. चहाला उशीर झाला की स्वतःच उठते. पुरुषाचे ऑपरेशन झाले तर तो पंधरा दिवस पलंगावर, आणि सुनेचे झाले तर पाचव्या दिवशी ती भाकऱ्या थापताना दिसते, वर "हिला काही झालेलंच दिसत नाही" असे कौतुकही होते. हे कौतुक महाग पडते. पाट्यावर वाटणे, परातभर पीठ मळणे, पाण्याने भरलेली बादली ओढणे या सगळ्यांत पोटाचे स्नायू ताणले जातात. शिवाय अशी बाई दुखते म्हणून सांगत नाही. सांगितले तर "कामाचा कंटाळा" हा शेरा ठरलेला. बिमारपुर्सीला जाणाऱ्यांनी डबा न्यावा, दहा मिनिटे बसावे, दुआ करावी आणि निघावे. जमले तर त्या घरची धुणी-भांडी उरकून यावे.

खाण्याबद्दलही घराघरांत ऐकीव नियम आहेत. भाताने टाक्यांत पू होतो, दूध-अंड्याने जखम चिघळते, मटण तर महिनाभर नकोच. याला वैद्यकीय आधार नाही. जखम भरायला प्रथिने लागतात आणि ती डाळ, अंडी, दूध, मासे, कोंबडी यांतूनच येतात. सुरुवातीला मऊ भात, खिचडी, दही, यखनी असे हलके आणि थोडे-थोडे द्यावे. आतडी रुळली की नेहमीचे जेवण. पहिले काही दिवस टाळायचे ते तळकट, फार तिखट आणि एका बैठकीत ताटभर बिर्याणी. तीही जखमेसाठी नव्हे, पोट फुगू नये म्हणून.

आणि एक गोष्ट अजिबात नको. पोट दुखते म्हणून "नळ फिरले" असे ठरवून तेल लावून पोट चोळून घेणे. ताज्या ऑपरेशनच्या पोटावर चोळणे-दाबणे धोक्याचे आहे. गरम पाण्याची पिशवीही जखमेवर ठेवू नये. तिथली कातडी बधिर असल्याने भाजले तरी कळत नाही.

चढत जाणारे दुखणे

माझ्या नणंदेच्या मुलाचे अपेंडिक्स फुटलेल्या अवस्थेत काढले. पाचव्या दिवशी घरी आला, दोन दिवस छान होता. आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. जुलाब म्हणजे काय, तर दर अर्ध्या तासाला धाव आणि शौच थोडीशी, चिकट. घरात सर्वांचे निदान एकच : बाहेरचे काही खाल्ले. साखर-मिठाचे पाणी सुरू झाले. त्याच्या मोठ्या बहिणीने मात्र रोज सकाळ-संध्याकाळ ताप वहीत लिहून ठेवला होता. सलग दोन संध्याकाळी १०१, आणि "खाली खोलवर दुखतं" अशी तक्रार. ती वही घेऊन दोघे परत इस्पितळात गेले. सोनोग्राफीत ओटीपोटात, गुदाशयाला लागून, पुवाचा साठा दिसला. तो साठा गुदाशयाला डिवचत होता, म्हणून ती धाव. सुईने पू काढला, अँटिबायोटिक बदलले आणि चार दिवसांत पोरगा जेवायला बसला.

पोटात साठलेल्या पुवाला वाट करून दिली की माणूस किती झपाट्याने सावरतो, याचा एक गाजलेला दाखला आहे. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हायचा होता. जगभरचे पाहुणे लंडनला पोचले आणि राजाच्या पोटात अपेंडिक्सचा पू. सोहळा पुढे ढकलायला तो तयार नव्हता. शेवटी २४ जूनला सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच पोट उघडून पू काढला. ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. त्या काळी अँटिबायोटिक नव्हते.

तर परत कधी न्यायचे? ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर, थंडी वाजून येणे, उतरणीला लागलेले दुखणे पुन्हा चढणे. पोट फुगून टणक होणे, वारा आणि शौच दोन्ही बंद, वारंवार उलटी, विशेषतः हिरवी. जखम लाल, गरम, सुजलेली, तिच्यातून पू किंवा दुर्गंध येणे. जखमेचा हा संसर्ग बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो, म्हणजे नेमका सर्वजण निर्धास्त झाल्यावर. एका पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा अचानक धाप लागणे, यात तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

मधुमेह असलेल्या अब्बूंच्या बाबतीत किंवा वयस्क दादा-दादींच्या बाबतीत वरची लक्षणे फिकी असतात. ताप येतोच असे नाही. नुसते जेवण तुटते, माणूस मलूल किंवा गोंधळल्यासारखा होतो, आणि नेहमीची औषधे चालू असूनही साखर चढते. साखर चढली म्हणून फक्त मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाऊन चालत नाही, पोट सर्जनलाही दाखवावे. लहान मूल "कुठे दुखते" ते नीट सांगू शकत नाही. ते कमरेत वाकून चालते, खेळणे सोडते, मांडी पोटाशी ओढून पडते.

महिन्यांनी, वर्षांनी

अपेंडिक्स काढले म्हणजे उजव्या बाजूचे दुखणे आयुष्यभरासाठी मिटले, असेही समजू नये. उजव्या कुशीत मूतखडा दुखतो, स्त्रियांमध्ये अंडाशयाची गाठ दुखते आणि पाळी चुकलेली असताना अचानक कळ आली, तर गर्भ नळीत राहिल्याची शंकाही घ्यावी लागते. फार क्वचित अपेंडिक्सचा मागे राहिलेला बुंधाही सुजतो. कोणत्याही पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या आवरणाला चिकटू शकतात आणि वर्षांनंतरही आतड्यांचा मार्ग अडू शकतो. लाटेसारखी येणारी कळ, उलट्या, फुगलेले पोट आणि बंद झालेला वारा, ही त्याची ओळख. नव्या डॉक्टरांना जुन्या ऑपरेशनबद्दल आपणहून सांगावे. दुर्बिणीचे व्रण इतके बारीक असतात की ते नजरेतून सुटतात.

यासाठी ऑपरेशनचे कागद जपावेत. डिस्चार्ज कार्ड बहुतेक घरांत सापडते. सापडत नाही तो प्रयोगशाळेचा अहवाल. काढलेले अपेंडिक्स तपासणीला पाठवतात आणि त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो, तोवर पेशंट घरी गेलेला असतो. बहुतेकदा त्यात साधी सूज लिहिलेली असते. पण क्वचित क्षयरोग निघतो, क्वचित गाठ, आणि तेव्हा पुढचे उपचार लागतात. टाके दाखवायला जाल तेव्हा काउंटरवर तो कागद मागून घ्या, सर्जनला दाखवा आणि डिस्चार्ज कार्डाला टाचून ठेवा.